चार वेळा सुरू झालं, चार वेळा सुटलं, आता पाचव्या वेळी काय वेगळं करायचं?

तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे माझं समजण्यात काही चुकत असेल तर कळेल. वय ४१, दिवसभर खुर्चीत बसून काम, फास्टिंग शुगर ११२ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलीय, डॉक्टर म्हणाले औषध लगेच नको, आधी वजन आणि चालण्याचं बघा. गेल्या दोन वर्षांत तुम्ही चार वेळा सुरुवात केलीत, दर वेळी पहाटे पाचला उठून तासभर वॉक, साखर एकदम बंद, रात्रीचं जेवण सातच्या आत आणि आठवड्यातून तीन दिवस जिम. दोन-तीन आठवडे कडक चाललं आणि मग ये रे माझ्या मागल्या. शेवटी तुम्ही विचारलंय की सगळं माहीत असून होत नाही, मी आरंभशूर आहे, विलपॉवर कशी वाढवू, आणि २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ती मलाच का लागत नाही?

मी गेली वीस वर्षं आहार-व्यायामाचं समुपदेशन करते, माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं तुमच्यासारखीच, शुगर काठावर, बीपी वाढायला लागलेलं, डॉक्टरांनी "लाइफस्टाइल बदला" एवढं सांगून पाठवलेलं. आरंभशूर हा शब्द मी पहिल्याच भेटीत इतक्या जणांच्या तोंडून ऐकलाय की आता मी तो आधी बाजूला ठेवायला सांगते, कारण त्या शब्दात निदानच चुकतं. तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिलीय ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पहिल्यांदा ऑफिसात क्लोजिंगचं काम आलं म्हणून थांबलं, दुसऱ्यांदा मुलीला ताप आला, तिसऱ्यांदा नात्यातलं लग्न आणि प्रवास, चौथ्यांदा तुमचीच कंबर धरली. म्हणजे चारही वेळा थांबायला खरं कारण होतं, आणि प्रत्येक कारण फार तर पाच-सहा दिवसांचं होतं. पण परत सुरू व्हायला प्रत्येक वेळी चार-पाच महिने गेले. सुरुवात तुम्हाला उत्तम जमते, ती चार वेळा केलीत. पाच दिवसांचा खंड पाच महिन्यांचा का झाला, खरा प्रश्न हा आहे, आणि माझं सगळं उत्तर त्याच्याभोवतीच फिरणार आहे.

त्याआधी काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत त्या सांगते. तुमची कंबर आता कशी आहे, रात्री किती वाजता घरी पोचता, घरात स्वयंपाक कोणाच्या हातात आहे, मूल लहान आहे की मोठं, हे मला माहीत नाही आणि यातल्या प्रत्येक गोष्टीने सल्ला बदलतो. छातीत दुखणं, चालताना दम लागणं असं काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, मग चाला. पुढेमागे शुगरची औषधं सुरू झाली तर खाणं किंवा व्यायाम मोठ्या प्रमाणात बदलताना त्यांना विचारूनच बदला कारण काही औषधांवर शुगर एकदम खाली जाऊ शकते. आणि जर गेले काही महिने कशातच रस वाटत नाही, सकाळी उठायचीच इच्छा होत नाही असं असेल, तर तो सवयीचा प्रश्न नाही, त्याची वेगळी तपासणी करून घ्या. मी हे सगळ्यांना सांगते कारण डिप्रेशनला आळस समजून वर्षानुवर्षं स्वतःला शिव्या घालणारी माणसं मी पाहिलीयत.

आता २१ दिवसांचं. १९६० साली मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जननी लिहिलं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात असं त्यांना दिसलं. "कमीत कमी" हे शब्द वाटेत गळून गेले, चेहरा गेला आणि उरलं काय तर २१ दिवसांत कुठलीही सवय लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे रोज एक ठरवलेली गोष्ट करायला लावली, कोणी जेवताना फळ, कोणी पाणी, कोणी व्यायाम, आणि ती किती आपोआप व्हायला लागलीय हे रोज नोंदवून घेतलं. साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं, पण माणसामाणसांत फरक १८ दिवसांपासून अंदाजे २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. आणि त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट दिसली, मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

हे तुमच्या अनुभवाला लावून बघा. तुमचं दर वेळी तिसऱ्या आठवड्यात सुटतं. तोपर्यंत नव्याचे नऊ दिवस संपलेले असतात, सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो, आणि सवय अजून लागलेली नसते. म्हणजे जोर देणारं काहीच हाताशी नसतं, ना हौस ना सवय. तिसरा ते दहावा आठवडा हा सगळ्यात नाजूक काळ, आणि नेमकं तेव्हा आपण समजतो की २१ दिवस झाले, आता आपोआप व्हायला हवं, होत नाही म्हणजे माझ्यातच खोट आहे. खोट हिशोबात आहे हो.

विलपॉवर वाढवायची कशी असं विचारलंत. माझं प्रामाणिक मत असं की तिच्या मागे लागू नका. जी माणसं बाहेरून फार मनोनिग्रही वाटतात ती जवळून बघितली तर रोज मनाशी कुस्ती खेळत नसतात, त्यांच्या दिवसात ती कुस्ती खेळायची वेळच कमी येते. माझ्याकडचे एक गृहस्थ आठ वर्षं न चुकता चालतात, त्यांना मी विचारलं की रोज इच्छा होते का, तर ते म्हणाले इच्छेचा प्रश्नच येत नाही, ऑफिसातून निघालो की एक स्टॉप आधी उतरतो, पाय तिकडेच वळतात. वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना दर तासाला आपण काय करतोय ते वहीत लिहायला लावलं होतं, त्यात सुमारे ४३ टक्के गोष्टी अशा निघाल्या की ज्या जवळजवळ रोज, त्याच ठिकाणी आणि बहुतेक वेळा दुसराच विचार डोक्यात चालू असताना होत होत्या. आपल्याला चालणं आणि खाणं त्या रकान्यात ढकलायचंय.

ते ढकलायला लागतो तो धागा, म्हणजे नवीन गोष्ट कशाच्या मागे बांधायची हे. इथे मी दोन प्रयोगांचा आधार घेते. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की "मी जास्त चालणार" या ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करणार" असं ठरवलेलं जास्त पार पडतं, पुढे २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी असे ९४ अभ्यास एकत्र तपासले आणि फायदा ठळक निघाला. त्याहून मला आवडतो तो २००२ चा ब्रिटनमधला २४८ विद्यार्थ्यांवरचा प्रयोग. एका गटाला काहीच सांगितलं नाही, त्यातल्या ३८ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायाम न केल्याने हृदयरोग कसा होतो ते वाचायला दिलं, तिथे ३५ टक्के. तिसऱ्या गटाला तेच वाचायला दिलं आणि वर कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार हे लिहायला लावलं, तिथे ९१ टक्के. एकाच आठवड्याचा आणि तरुण मुलांचा प्रयोग आहे, त्यामुळे तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू होणार नाही. पण "सगळं माहीत असून होत नाही" हे जे तुम्ही लिहिलंत त्याचं उत्तर त्या ३५ मध्ये आहे. माहिती असण्याने पाय उचलला जात नाही.

धागा निवडताना लोक एक चूक हमखास करतात, घड्याळाची वेळ निवडतात. पाचचा अलार्म म्हणजे काय तर झोपेतून उठून, अंधारात, एकट्याने, काहीही आधी घडलेलं नसताना निर्णय घ्यायचा. त्यापेक्षा आधीच रोज घडणारी, हाताला लागणारी घटना घ्या. आणि ती अगदी नेमकी हवी. "जेवणानंतर चालणार" हे अजून ढिसाळ आहे, जेवणानंतर म्हणजे कधी, मोबाइल बघून झाल्यावर की सगळं आवरल्यावर? "ताट उचलून ठेवलं की चपला घालायच्या" हे नेमकं. माझ्याकडच्या एक बाई म्हणायच्या मुलाला क्लासला सोडते तेव्हा तिथे चालीन, महिनाभर झालं नाही, कारण सोडलं की त्या गाडीतच बसून फोन बघायच्या. मग आम्ही ते बदलून "गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली की दार उघडून खाली उतरायचं" एवढंच केलं. चालायचं असं लिहिलंच नाही. खाली उतरलेलं माणूस चालतं.

अजून एक, धागा तुमच्या खराब दिवशी पण घडणारा हवा. ऑफिसातून सहाला निघालो की, हा धागा क्लोजिंगच्या आठवड्यात तुटणारच कारण तेव्हा तुम्ही सहाला निघतच नाही. दात घासणं, ताट उचलणं, कपडे बदलणं, या गोष्टी ताप असो लग्न असो होतातच.

आता मुख्य मुद्दा. तुमचा प्लॅन चांगल्या दिवसांसाठी केलेला होता. तासभर चालणं, जिम, सातच्या आत जेवण, साखर शून्य, हे त्या दिवसाला शोभतं ज्या दिवशी झोप झालीय, घरी सगळे बरे आहेत आणि साहेब सुट्टीवर आहेत. असे दिवस महिन्यात किती येतात ते मोजा. मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी वाईट दिवसाची आवृत्ती लिहायला लावते, आणि ती आधी लिहायला लावते, चांगल्या दिवसाची नंतर. एक हॉस्पिटलमधल्या नर्स माझ्याकडे यायच्या, तीन शिफ्टमध्ये ड्युटी, घरी सासऱ्यांचं आजारपण. त्यांनी तीन डाएट आणि दोन जिम सोडल्या होत्या. आम्ही ठरवलं की युनिफॉर्म बदलला की सात मिनिटं घराच्या गच्चीवर चालायचं, बास. पहिल्यांदा त्यांना अपमान वाटला, म्हणाल्या सात मिनिटांनी काय होणार आहे मॅडम. मी म्हटलं वजन तर नक्कीच नाही कमी होणार. पण नाइट ड्युटीच्या आठवड्यात, सासऱ्यांना ॲडमिट केलं त्या आठवड्यात, ती सात मिनिटं चालू राहिली. साडेतीन महिन्यांनी त्या सात मिनिटांची पंचवीस झाली होती, आणि मी वाढवा असं एकदाही म्हटलं नव्हतं.

सात मिनिटांचं काम काय असतं तर धागा जिवंत ठेवणं. कपडे बदलले की गच्ची, हे नातं तुटलं नाही तर बाकीचं वाढवता येतं. तुटलं की परत सुरुवात, आणि सुरुवातीला परत हौस लागते, ती दर खेपेला थोडी कमी होत जाते. शिवाय थोड्याला काहीच किंमत नाही असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, पण एका वेळी सलग दहा मिनिटं तरी झालीच पाहिजेत ही जुनी अट त्यांनी काढून टाकली. रोज दहा हजार पावलांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या जाहिरातीतून पसरला, तो कुठल्या तपासणीतून आलेला नव्हता. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे सतरा हजार अमेरिकन बायकांचा अभ्यास आला त्यात रोज ४४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये २७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तुमचं वय कमी आहे तर तुमचं गणित थोडं वेगळं असेल, पण दहा हजार झाली नाहीत म्हणून शून्य, असं कुठेच नाहीये.

पण इथे मला स्पष्ट सांगायला हवं, छोट्यावर कायमचं थांबून तुमची शुगर खाली येणार नाही. २००२ मध्ये अमेरिकेतला डायबेटिस प्रतिबंधाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ३२३४ माणसं, सगळी तुमच्यासारखी काठावरची. ज्यांनी वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं टार्गेट घेतलं त्यांच्यात साधारण तीन वर्षांत डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्यांत ३१ टक्क्यांनी. म्हणजे तुमच्या हातात जे आहे ते गोळीपेक्षा जास्त ताकदीचं आहे, हे मी धीर द्यायला सांगत नाहीये, हे मोजलेलं आहे. तुमचं वजन ८४ लिहिलंय, त्याचे ७ टक्के म्हणजे सहा किलोच्या आसपास. वीस किलो नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी बाजू फारसं कोणी सांगत नाही. त्या लोकांना सोळा सेशनचा कोर्स होता, प्रत्येकाला एक ठरलेला मार्गदर्शक होता आणि नंतरही संपर्क चालू होता. तरीसुद्धा सहा महिन्यांनी निम्म्या लोकांनी वजनाचं टार्गेट गाठलं होतं आणि शेवटी शेवटी ३८ टक्केच त्यावर टिकून होते. म्हणजे एवढी मदत मिळूनही माणसं घसरतात, आणि इतके जण घसरत असतानाही एकूण फायदा ५८ टक्के निघतो. मी हे आकडे मुद्दाम सांगते कारण घसरणं ही तुमची खासियत नाहीये.

आता घसरल्यावरचं. ॲलन मार्लॅट हे व्यसनमुक्तीवर काम करणारे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी एक फरक फार नीट मांडला, एकदा चुकणं वेगळं आणि पुन्हा जुन्या जागी जाणं वेगळं, आणि पहिल्यातून दुसऱ्यात ढकलणारी गोष्ट म्हणजे चुकल्यानंतर आपण स्वतःशी काय बोलतो ते. "मोडलंच ना, आता सोमवारपासून बघू, आता एक तारखेपासून बघू." तुमच्या पाच महिन्यांमध्ये हेच झालंय असा माझा अंदाज आहे. मुलीचा ताप सहाव्या दिवशी उतरला, सातव्या दिवशी पाचला उठून तासभर चालायला हवं होतं, ते अंगावर आलं, मग सोमवार, मग पुढचा सोमवार. परत येण्याचा दरवाजाच इतका उंच ठेवला होता की त्यातून कोण जाणार? सातव्या दिवशी फक्त चपला घालून दहा मिनिटं एवढंच ठरलेलं असतं तर?

यावर माझी स्वतःची एक चूक सांगते. सुरुवातीची सहा-सात वर्षं मी फॉलोअपला माणूस आलं की आधी काट्यावर उभं करायचे. नंतर लक्षात आलं की ज्यांचा आठवडा वाईट गेला ते येतच नाहीत, फोन पण उचलत नाहीत, म्हणजे ज्यांना माझी सगळ्यात जास्त गरज होती तेच माझ्या काट्याला घाबरून गळत होते. त्यातल्या काही जणांना पुढे डायबेटिस झाला हे मला नंतर कळलं आणि ते अजून मनाला लागून आहे. तेव्हापासून मी पहिला प्रश्न बदलला. आता मी विचारते, मध्ये किती दिवस सुटलं होतं आणि परत कसं सुरू झालं? वहीत मी खंडाचे दिवस लिहिते. एका बाईंचा पहिला खंड ४० दिवसांचा होता, दुसरा ११, मग ४, मग २. वजन त्या काळात फार हललं नव्हतं, पण मला खात्री झाली होती की या आता सुटणार नाहीत, आणि नाहीच सुटल्या. तुम्ही पण हेच मोजा. एक दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी वाईट दिवसाची आवृत्ती करायची, पूर्ण नाही, भरपाई नाही. काल चुकलं म्हणून आज दोन तास, हे तर अजिबातच नको, त्यानेच कंबर धरते.

खाण्याबद्दल. साखर पूर्ण बंद, सातच्या आत जेवण आणि ताटातलं सगळं बदलणं हे तुम्ही एकाच सोमवारी सुरू केलं होतं. मी एका वेळी एकच गोष्ट घ्यायला लावते आणि ती शक्यतो काढून टाकायची नाही, घालायची. दोन्ही जेवणात आधी ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरायचा, मग बाकीचं. याने बाकीचं आपोआप थोडं कमी होतं आणि उपाशी राहिल्यासारखं वाटत नाही. दुसरी गोष्ट महिन्याने, गोड पेयं. घरात जे समोर ठेवलेलं असतं ते खाल्लं जातं हे तर आपण सगळे रोज बघतो, म्हणून बिस्किटांचा डबा वरच्या कप्प्यात आणि फळं टेबलावर, एवढी व्यवस्था एकदा करायची, रोज मन मारायचं नाही. ऑफिसच्या ड्रॉवरचं पण हेच.

हे मी नवीन सवय लावण्याबद्दल बोलतेय. सिगरेट-तंबाखू सोडायची असेल तर थोडं थोडं कमी करणं तितकं चालत नाही. २०१६ च्या जवळजवळ ७०० जणांच्या एका अभ्यासात तारीख ठरवून एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनी सिगरेटपासून दूर होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९. तुम्ही ओढत नसाल तर हा परिच्छेद सोडून द्या.

झोपेवर मात्र थांबते. पाचला उठायचं ठरवलंत, पण झोपायची वेळ बदलली का? तुम्ही लिहिलंय रात्री साडेबारा होतात. म्हणजे साडेचार तास झोप. बारा तरुण निरोगी पुरुषांवरच्या एका छोट्या प्रयोगात दोनच रात्री चार-चार तास झोपू दिलं तर पोट भरल्याचं सांगणारं हार्मोन लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक लावणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि ओढ लागली ती जास्त करून गोड आणि पिष्टमय पदार्थांची. तुम्ही एकीकडे साखर बंद केली होती आणि दुसरीकडे झोप तोडून साखरेची भूक वाढवत होतात. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी जे तुटून पडायला व्हायचं ते मनाच्या कमजोरीमुळे नव्हतं. पहाटेचा वॉक बंद करा, किमान आत्ता तरी. संध्याकाळचा, जेवणानंतरचा, तोही शुगरला चांगलाच.

घरच्यांचं. इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या पुढच्या जोडप्यांचा बरीच वर्षं मागोवा घेतला होता, त्यात जोडीदाराने व्यायाम सुरू केला तर दुसऱ्यानेही सुरू करण्याचं प्रमाण सुमारे दोन तृतीयांश होतं, जोडीदार बसूनच राहिला तर चौथ्या हिश्श्याच्या आसपास. म्हणून तुमच्या पत्नीला बरोबर चला असं विचारून बघा, पण लक्ष ठेवा असं सांगू नका. माझ्याकडे येणाऱ्या जोडप्यांत एकाला पोलीस केलं की दोन महिन्यांत चोरून खाणं सुरू होतं आणि भांडणं वेगळीच.

मग पाचव्या वेळी नेमकं काय करा. ताट उचलून ठेवलं की चपला घालायच्या, हा धागा (तुमच्या घरात दुसरा जास्त पक्का असेल तर तो घ्या). वाईट दिवशी दहा मिनिटं, बाकी दिवशी वीस. ही वाईट दिवसाची आवृत्ती कागदावर लिहून ठेवा आणि खाली ते चार प्रसंगही लिहा, क्लोजिंग, आजारपण, प्रवास, कंबर, आणि प्रत्येकापुढे त्या दिवसांत काय करणार ते. कंबरेच्या दिवशी चालणं जमत नसेल तर नुसत्या चपला घालून दारापर्यंत जाऊन या, मला हसू नका, हे मी खरंच करायला लावते. ताटात अर्ध्या भाज्या. झोप साडेबाराची साडेअकरा. एवढंच, दहा आठवडे. वीस मिनिटं सलग दोन आठवडे कंटाळवाणी वाटायला लागली की पाच वाढवा, त्याआधी नको. कॅलेंडरवर खूण करा, आणि सुटलेल्या दिवसांची लांबी लिहा. वजन हवं तर आठवड्यातून एकदा, पण काटा बघून दिवसभर खायची वासनाच उडते किंवा उलट खात सुटता असं होत असेल तर काटा बाजूलाच ठेवा.

एचबीए१सी दर महिन्याला करून बघू नका, तो गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, मध्येच केला तर उगाच निराश व्हाल. तीन महिने पूर्ण झाले की करा, आणि रिपोर्ट घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा, सोबत ती खुणांची पानं पण न्या. मध्ये एखादा आठवडा पूर्ण कोरा गेला असेल तरी न्या.